खट्! ...आणि पुढे काहीच नाही

मित्रांनो, 'फॉल्ट फाइंडिंग' हा शब्द आपण सगळेच ओरलपुरता पाठ करतो. मला मात्र तो खरा कळला तो लॅबमध्ये नाही, तर शूटिंग रेंजवर, एका .२२ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलामुळे!

आधी थोडी थिअरी (घाबरू नका, मार्कांना नाही). ट्रिगर ओढला की हॅमर सुटतो, फायरिंग पिनवर आदळतो आणि पिन काडतुसाच्या बुडावर घाव घालते. मोठ्या काडतुसात तिथे मधोमध प्रायमरची टोपी असते. .२२ मध्ये टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेतच, म्हणजे रिममध्ये भरलेलं असतं. पिनने कड चेपली की मिश्रण पेटतं, त्यावर दारू पेटते आणि गोळी सुटते. पण घाव हलका पडला तर? नुसतंच 'खट्'! काडतुसावर एक पुसट खूण, बाकी शांतता. यालाच लाइट स्ट्राइक म्हणतात.

आमची टीम जिथे सराव करते तिथल्या पिस्तुलाला हा आजार ऐन पावसाळ्यात जडला. दहा गोळ्यांत एखाद-दुसरी फुसकी. विद्यापीठाची निवड चाचणी दोन आठवड्यांवर, आणि हे पिस्तूल वापरणारी आमची सेकंड इयरची ज्युनिअर रडकुंडीला आलेली. २५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात दर गोळीला टार्गेट फक्त ३ सेकंद समोर असतं. त्यात 'खट्' झालं की लय गेलीच. वर फुकटचे सल्ले! "तुझी ग्रिप ढिली आहे", "तू टेन्शन घेतेस". तिच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं, अशी कुजबुजही सुरू झाली.

तिथले आर्मरर काका सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आधी सगळ्यांना दम भरला, "खट् झालं की नळी टार्गेटकडेच ठेवायची आणि मनात तीस मोजायचे. उशिरा पेटली तर? मगच मॅगझिन काढा, काडतूस बाहेर घ्या." मग म्हणाले, "आणि पोरांनो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते देवालाही कळायचं नाही." नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला साक्षीदार म्हणजे काडतूस. फुसक्या काडतुसांवरची खूण उथळ होती. गंमत म्हणजे, उडालेल्या पुंगळ्यांवरची खूणही दुसऱ्या पिस्तुलाच्या मानाने उथळच निघाली! मग लॉट तपासला. त्याच डब्यातल्या ५० गोळ्या त्याच मेकच्या दुसऱ्या पिस्तुलातून झाडल्या, सगळ्या उडाल्या. आमच्या पिस्तुलात नवा लॉट भरला, तरी रड तीच. गोळ्या निर्दोष.

नंतर चेंबर. .२२ च्या गोळीला मेणासारखं वंगण असतं. ते आणि काजळी चेंबरमध्ये साठली की काडतूस पूर्ण आत बसत नाही, आणि पिनचा निम्मा जोर त्याला पुढे ढकलण्यातच जातो. चेंबर लख्ख केलं. वहीत फरक शून्य.

मग हॅमरची स्प्रिंग. इथे आपलं सेकंड इयर कामाला आलं. स्प्रिंगमधली ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ढोबळ हिशेबाने दाब १० टक्के घटला तर ऊर्जा १९ टक्के घटते! पण नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून पाहिली तर लांबी सारखीच.

शेवटी काकांनी फायरिंग पिन बाहेर काढली. पिन धड होती, पण तिच्या वाटेत काळा, चिकट चिखल! पावसात गंज नको म्हणून जो तो जाताना तेलाचे दोन थेंब जास्तच सोडायचा. त्या तेलात काजळी मुरली आणि पिनला पळायला वाटच उरली नाही. वाट साफ करून जवळजवळ कोरडी ठेवली. पुढच्या ५० पैकी ५० गोळ्या उडाल्या. म्हणजे आजार आला होता तो जास्तीच्या काळजीतून!

मग ग्रिपचं काय? काका म्हणाले, "ग्रिप ढिली असली तर पुंगळी अडकेल, पिनचा घाव कशाला हलका होईल?" त्यांनी आणखी एक पाहिलं होतं. गोळी उडते तेव्हा धक्क्यात सगळं झाकलं जातं. फुसकी निघाली की मात्र नेमबाजाचा हात उघडा पडतो. घाबरणाऱ्याची नळी त्या क्षणी खाली झुकते. तिची एकदाही झुकली नव्हती. जे 'खट्' तिच्या विरोधात वापरलं जात होतं, तेच तिच्या बाजूची साक्ष निघालं. चाचणीत तिच्या साठच्या साठ गोळ्या उडाल्या आणि ती टीममध्ये आली.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या एअर पिस्तुलात बिघाड झाला होता. कारण अर्थातच वेगळं, पण तेव्हाही लोकांनी आधी तिच्या मनोधैर्यावरच चर्चा केली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन ब्राँझ जिंकली.

मशिन बिघडलं की माणसाला दोष देणं सगळ्यात सोपं. त्याला ना स्क्रूड्रायव्हर लागतो, ना वही. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असो की हॉस्टेलच्या रूमवर, पुढच्या वेळी 'याच्यामुळेच झालं' म्हणण्याआधी, दोस्तांनो, एकदा खूण तपासून बघा!