एका अंगावर कललेल्या पिकअपला अनावृत पत्र

प्रिय पिकअप,

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटबाहेर रांगेत उभी असलीस की तुझी क्लीनर साइड मागूनच ओळखू येते. हौद्याची ती कड टायरला टेकायला आलेली असते. कॅरेट उतरली, हौदा धुऊन झाला, तरी तू सरळ होत नाहीस. भरलेली गाडी थोडी कलली तर मालाची मांडणी बघावी, पण रिकामी गाडी कलते तेव्हा दुखणं अंगात असतं. मालकाला ते रोज दिसतं, पण उपाय मात्र भलताच चालला आहे. म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहे.

बसलेल्या बाजूला त्यानं एक जादा पाटा टाकून घेतला. फरक पडेना तेव्हा त्याच बाजूच्या टायरमध्ये हवा वाढवली. आता शॉकअप बदलायचा सल्ला मिळाला आहे. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, तो फक्त हेलकावे आवरतो. वजन असतं ते पाट्यांवर. आणि एकाच बाजूला पाटा वाढवला की दोन्ही बाजूंचा ताठपणा वेगळा होतो. मग तू एका ठरावीक वजनालाच सरळ दिसशील. रिकामी असलीस की एकीकडे कलशील, भरलीस की दुसरीकडे.

क्लीनर साइडच का बसली, तेही सांगतो. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे चालणाऱ्या गाडीचा भार डाव्या पाट्यांवर थोडा जास्तच येतो. त्यात समोरून एसटी आली की डावं चाक साइडपट्टीच्या खड्ड्यात उतरवावं लागतं. हौदा भरलेला असताना तो हिसका त्याच पाट्यांना बसतो. हे वर्षानुवर्षं चाललं की पाट्यांचा बाक जातो.

पण पाट्यांना दोष देण्याआधी टेप हातात घ्यायला हवा. सपाट फरशीवर रिकामी गाडी, दोन्ही बाजूंना सारखी हवा. मग चासीपासून मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. अंतर सारखं असूनही हौदा तिरका असेल, तर दोष हौद्याच्या बोल्टांत किंवा चासीतच आहे, पाट्यांना हात लावू नये. अंतर वेगळं भरलं तर पुढचा भाग बरोबर मधोमध जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून बघायचं. मागचा भाग सरळ झाला तर खरा दोष पुढे आहे. मागच्या कलण्याचं मूळ पुढे निघतं, हे पुष्कळ मिस्त्रीही तपासत नाहीत.

दोष मागेच निघाला तर पाटे उतरवून तारेच्या ब्रशनं घासावेत. यू-बोल्टखाली, सेंटर बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढी तांबूस रेघ दिसली, तर ती भेग आहे, तिथे गंज शिरलेला आहे. अशा पाट्याला वेल्डिंग करू नये. त्याची ताकद तेलात विझवून पुन्हा ठरावीक उष्णतेला तापवण्यातून आलेली असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं नेमकी तीच जाते. नुसता बाक गेला असेल, तर पाटे भट्टीत तापवून, बाक देऊन, रीतसर पाणी देणारा कारागीर शोधावा. थंडच ठोकलेला पाटा थोड्या फेऱ्यांत पुन्हा बसतो. सेंटर बोल्ट तुटला असेल तर हाऊसिंग सरकतं आणि गाडी तिरकी चालते. शॅकलचे बुश झिजले असतील तर तेही त्याच वेळी बदलावेत.

हे सगळं लगेच करायला मी का सांगतो आहे? मुंबईचा माल घेऊन तू माळशेज घाट उतरतेस. उजव्या वळणावर वजन डावीकडे ढकललं जातं, आणि तू आधीच डावीकडे झुकलेली असतेस. वर कॅरेटची उंच थप्पी आणि शेजारी दरी. तिथे मेन पाटा तुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

भाराचंही बोलायला हवं. दीड टन क्षमतेच्या गाडीत २० किलोची ७५ कॅरेट भरली की भार पूर्ण होतो, त्यात कॅरेटचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. २०१९च्या कायदा दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २ हजार. पाट्यांचा नवा जोड आणि मजुरी धरूनही खर्च त्या एका पावतीच्या आसपास किंवा कमीच होईल, असं मला वाटतं.

तेव्हा तुझ्या मालकाला हात जोडून विनंती : हंगाम सुरू व्हायच्या आत तो जादा पाटा काढा, मोजमाप घ्या आणि पाटे बदलायचेच ठरले तर दोन्ही बाजूंचे जोडीनं बदला. यू-बोल्ट नवे घाला, बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर असतानाच शेवटचे आवळा, आणि पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.

तुझा हितचिंतक