संचार आणि शस्त्र

‘त्याच्या अंगात देवी आली’ या मराठी वाक्याचा कर्ता देवी आहे. माणूस या वाक्यात आहे तो अधिकरणापुरता. क्रिया घडण्याची जागा एवढेच त्याचे स्थान. ज्याच्या अंगात येते त्याला ‘झाड’ म्हणण्याचीही पद्धत आपल्याकडे आहे. झाड काही करत नाही, वारे त्याच्यातून वाहते. ‘वारे येणे’, ‘संचार होणे’ हे सारे वाक्प्रचार याच घडणीचे आहेत. देवाला ‘वापरणे’ असा प्रयोग मराठीत कोणी केला तर तो कानाला खटकेल.

हे व्याकरण मला नव्याने दिसू लागले ते एका जपानी चित्रमालिकेमुळे. हिरोयुकी ताकेई यांची ‘शामन किंग’ ही चित्रकथा 1998 ते 2004 या काळात जपानच्या ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्यावरून 2001-02 मध्ये चौसष्ट भागांची आणि 2021-22 मध्ये बावन्न भागांची, अशा दोन मालिका निघाल्या. दुसरी मालिका नेटफ्लिक्सवर आल्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलपर्यंत पोचली. पाचशे वर्षांनी एकदा भरणाऱ्या स्पर्धेत जगभरचे शामन आपापल्या सोबतच्या मृतात्म्यांसह लढतात आणि विजेत्याला ‘महान आत्म्या’शी एकरूप होण्याचा अधिकार मिळतो, असे हे कथानक. नायक योह आसाकुरा हा आळशी, शांत स्वभावाचा शाळकरी मुलगा. त्याचा साथी अमिदामारू हा सहाशे वर्षांपूर्वी मेलेला सामुराई.

मी पांढरकवड्याला मराठी शिकवतो. तालुक्याचे नाव केळापूर, मुख्यालय मात्र पांढरकवडा. मूळ केळापूर हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गालगत आहे आणि तिथल्या जगदंबेच्या दर्शनाला नवरात्रात मोठी गर्दी लोटते. खाली पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. नदीच्या दोन्ही तीरांवर गोंड आणि कोलाम वस्ती आहे. दिवाळीच्या सुमारास या मुलखात दंडारीचे ढोल वाजू लागतात आणि घुसाडी निघतात. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात सोटा. व्रताच्या दिवसांत घुसाडी स्नान करत नाही. त्या काळात तो अमक्याचा मुलगा किंवा तमक्याचा भाऊ राहत नाही. तो देवाचे रूप होतो आणि वडीलधारी माणसेही त्याच्या पाया पडतात. तोच घुसाडी पोरांना भिववतो, थट्टामस्करीही करतो. एका गावची दंडार दुसऱ्या गावाची पाहुणी होते, जेवते, नाचते आणि पुढे जाते. मार्लवाई गावचे कनक राजू यांना या नृत्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली; 2024 मध्ये ते गेले.

लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना ‘विधिनाट्य’ या घटकाशी आलो की मी मुलांना आपापल्या गावचे उदाहरण लिहायला सांगतो. एका वर्षी एका विद्यार्थ्याने आपल्या आजोबांच्या घुसाडीचे वर्णन फार नेमके केले आणि शेवटी, जणू कर भरावा तसे, एक वाक्य जोडले: ‘ही एक अंधश्रद्धा आहे.’ त्याच मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर अमिदामारूचे सुरेख रेखाचित्र होते. मी दोन्ही पाने त्याच्यासमोर ठेवली तेव्हा त्याने मलाच विचारले, ‘सर, जपानी माणसानं काढलं की कला, आणि आमच्या आज्यानं केलं की अंधश्रद्धा, असं का?’ प्रश्न उद्धट नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवे होते.

पहिले उत्तर इतिहासातून मिळते. जपानलाही या गोष्टींची लाज वाटलेली आहे. मेजी राजवटीने 1873 साली मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांच्या व्यवसायावर बंदी घातली; आधुनिक राष्ट्राला हे शोभत नाही अशी ती भूमिका होती. तरीही आओमोरी प्रांतातल्या ओसोरेझान पर्वतावर ‘इताको’ म्हणजे अंध स्त्रिया मृतांच्या वतीने बोलत राहिल्या. आज त्या अगदी मोजक्या उरल्या आहेत. मालिकेतील आन्ना ही योहची वाग्दत्त वधू इताकोच आहे. म्हणजे ज्या परंपरेला राज्याने एकदा हद्दपार केले तीच सव्वाशे वर्षांनी रंगीत होऊन जगाच्या बाजारात आली. मधल्या काळात तिची भीती गेली होती. ज्याची भीती उरत नाही ते कला म्हणून मिरवणे सोपे असते.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. मिर्चा एलिआदे यांनी शामनविद्येवरील आपल्या 1951 च्या ग्रंथात एक भेद केला आहे: झपाटलेला माणूस आत्म्याच्या ताब्यात असतो, शामन आत्म्यांवर ताबा ठेवतो. ‘शामन किंग’मधला प्रवास या भेदाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे होतो. आरंभी योह आपला देह उसना देतो. अमिदामारूचा लोहार मित्र मोसुके याच्या आत्म्याला तो आपल्या शरीरात येऊ देतो आणि मोडलेली हारुसामे तलवार पुन्हा घडवली जाते. सहाशे वर्षे अडून राहिलेले एका मित्राचे वचन अशा रीतीने पुरे होते. हा भाग कोणत्याही घुसाडीला कळेल. पुढे मात्र आत्मा तलवारीत उतरवला जातो, प्रत्येकाचे आत्मबळ आकड्यांत मोजले जाते आणि कोणाचा आकडा मोठा यावर झुंजीचे पारडे झुकते. देह देण्याची गोष्ट हळूहळू शक्ती मिळवण्याची गोष्ट होते.

गोंडांच्या पर्सापेनचे प्रतीक म्हणून चवरीबरोबर लोखंडी भाल्याचे टोक असते. म्हणजे शस्त्रात देव असणे आपल्या मातीलाही नवे नाही. पण ते टोक कोणावर उगारायचे नसते. एरवी ते झाकलेले असते. पूजेच्या वेळी बाहेर काढतात, आणि प्रधान किंगरीवर कुळाची गाथा गातो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीर नाचवतात, तेव्हाही वीराला रस्त्यातून मिरवत नेतात, त्याला कोणाशी लढवत नाहीत. गावोगावच्या वीरगळांवर लढाई कोरलेली असते, पण तिथे नारळ फोडणारा माणूस त्या वीराकडे युद्ध मागत नाही. गाईगुरे आणि लेकरे सुखरूप राहोत एवढेच मागतो. मेलेल्या योद्ध्याचे आपण रक्षकात रूपांतर केले. मालिकेने त्याला पुन्हा योद्धा केले. तिला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. झुंज ही त्या साहित्यप्रकाराची गरजच आहे आणि योहला झुंजीपेक्षा निवांतपणा प्रिय आहे, ही लेखकाची चतुराईही विसरता येत नाही.

राहता राहिला ‘अंधश्रद्धा’ हा शब्द. तो हलका करण्याची माझी इच्छा नाही. नरेंद्र दाभोलकरांची हत्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आजारी लेकराला दवाखान्याऐवजी भगताकडे नेण्याची किंमत आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना ठाऊक आहे. पण हा कायदा नीट वाचला तर दिसते की त्याचा रोख संचाराचा धाक घालण्यावर आहे. अंगात शक्ती आल्याचे भासवून दुसऱ्याला भिववणे, धमकावणे, फसवणे हा गुन्हा आहे, नाचणे नाही. कायद्याने जी रेषा ओढली तीच आमच्या व्याकरणातही आहे. देव कर्ता असतो तोवर माणूस नम्र असतो. ‘मी देवाला आणतो’ असे तो म्हणू लागला की कर्ता बदलतो, आणि तिथून शोषणाची वाट सुरू होते.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, की शेवटचे वाक्य खोड असे मी म्हणणार नाही. पण ते तुझे आहे की परीक्षकासाठी लिहिले आहेस, ते आधी ठरव. तुझे असेल तर कशाला अंधश्रद्धा म्हणतोस ते स्पष्ट कर: व्रताला, टोपाला, की सोटा टेकवल्याने दुखणे जाते या समजुतीला? त्याने उत्तरपत्रिका परत नेली आणि दोन दिवसांनी दीड पान वाढवून आणली. सोट्याबद्दल त्याचे मत कायम होते. टोपाबद्दल त्याने लिहिले होते, की तो डोक्यावर असेपर्यंत आजोबा कोणावरही रागावत नसत, कारण तो राग देवाच्या नावावर जमा झाला असता. आत्मबळाचे आकडे मोजणाऱ्या कोणत्याही मालिकेत बसणार नाही असे हे बळ आहे. ते अभ्यासपत्रिकेत कसे बसवायचे, हा आता आम्हा शिकवणाऱ्यांचा प्रश्न आहे.