बाळंतिणीच्या खोलीचं दार

गेल्या दिवाळीपासून आमच्या धायरीच्या घरात मागच्या खोलीत जे काही उभं राहिलं आहे, त्याबद्दल नात्यात बरीच कुजबुज चालू आहे. "बाईंच्या घरात बार!" हे वाक्य माझ्या कानावर तीन वेगवेगळ्या दिशांनी आलं. तेव्हा म्हटलं, आता आपणच लिहून टाकावं. निदान बातमी तरी अचूक पोहोचेल.

तर झालं असं.

आमचा मुलगा अठरा वर्षं अमेरिकेत पोर्टलंडला होता. ते गाव बिअरसाठी प्रसिद्ध. तिथे घरच्या घरी बिअर करणं हा लोकांचा छंद आहे, आपल्याकडे कोणी गच्चीवर बाग करावी तसा. तिकडे १९७८ साली कायदा झाला आणि स्वतःपुरती बिअर घरी करायला मोकळीक मिळाली. दोन मोठी माणसं असलेल्या घरात वर्षाला २०० गॅलन, म्हणजे जवळजवळ साडेसातशे लिटर! आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा बघितलं, तर गॅरेजमध्ये पातेली, पिंपं, नळ्या, आणि गाडी बिचारी बाहेर पावसात.

त्याने हौसेने मला सगळं दाखवलं. सातूला मोड आणून वाळवलेले असतात. ते भरडायचे, साधारण ६५ अंश गरम पाण्यात तासभर ठेवायचे, गाळायचे, मग हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं. गार झालं की यीस्ट घालून आंबवायला ठेवून द्यायचं. मी म्हटलं, "अरे, हे अर्ध्यापर्यंत तर नाचणीचं सत्त्वच आहे! तू सहा महिन्यांचा असताना मी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून तुला भरवत होते." तो खूप हसला. मीही हसले. पण ती पिंपं बघून पोटात कुठेतरी गोळा आला होता, तो काही मी त्याला सांगितला नाही.

दोन वर्षांपूर्वी तो सहकुटुंब परत आला. आम्ही धायरीत राहायला आलो तेव्हा धारेश्वराच्या देवळापर्यंत मधे शेतंच होती. आता २०१७ पासून आम्ही महापालिकेत आहोत आणि शेताच्या जागी इमारती आहेत. पण आमचं घर अजून तेच, खाली-वर मिळून चार खोल्यांचं, आणि मागे एक खोली, जिच्यात स्कूटर, जुन्या वह्या आणि माझी शिवणाची मशीन. ती खोली चिरंजीवांनी मागितली.

"काय करणार आहेस?"

"एक छानसा बार करतो आई. आणि कोपऱ्यात बिअर करायची जागा."

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि पुन्हा आत घातलं. मी म्हटलं, "आधी कायदा बघून ये."

त्याने चौकशी केली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. आधी मुंबईचा म्हणत, आता महाराष्ट्राचा म्हणतात. त्यात विकत आणून प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि घरी दारू गाळणं काय किंवा बिअर आंबवणं काय, परवान्याशिवाय गुन्हाच. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली, नंतर तशा आणखीही निघाल्या, पण ते रीतसर लायसन घेऊन केलेले धंदे. घरच्या छंदासाठी सोय नाही. त्याचा चेहरा पडला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, मोरारजीभाईंचा पहिल्यांदाच राग आला नाही.

म्हणजे आंबवण्याचं प्रकरण निकालात निघालं. उरला बार. तेवढ्यात वाईहून चुलतभावाचा फोन आला.

वाईला मधल्या आळीत आमचा वाडा होता. माझं माहेर. गेली दहा वर्षं तिथे कोणी राहत नव्हतं, पावसाळ्यात एक भिंत बसली, आणि शेवटी सगळ्यांनी सह्या करून तो पाडायला दिला. भाऊ म्हणाला, "ताई, लाकडाचा तुझाही वाटा आहे. नको असेल तर ठेकेदार किलोवर न्यायला तयार आहे." मी काही बोलायच्या आत चिरंजीव मागून म्हणाले, "मामा, काही विकू नका, मी येतोय!"

टेम्पो खंबाटकीच्या बोगद्यातून, नवले पुलावरून रात्री अकराला आमच्या दारात आला. तीन तुळया, दोन खांब, कडीपाटाच्या फळ्या, एक चौकट आणि एक दार. उतरवायला सहा माणसं लागली. गल्लीतली सगळी कुत्री जमा झाली होती.

मग दोन महिने आमच्या अंगणात सुतारकाम चाललं. ते मात्र मी रोज खुर्ची टाकून बघितलं. मिस्त्री साठीचे होते. ते आधी प्रत्येक लाकडावरून लोहचुंबक फिरवायचे. "बाई, आत एक खिळा राहिला तर रंध्याचं पातं गेलं," म्हणायचे. जंबुराने एकेक खिळा काढायचे. हाताने ठोकलेले चौकोनी खिळे, डबाभर निघाले. खांब-तुळयांच्या सांध्यात मात्र एकही खिळा नव्हता. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत, आणि वरून लाकडाचीच खुंटी. वरची काजळी आणि धूळ गेली, रंधा फिरला, आणि आतून मधासारखा रंग वर आला. सागवानाला अंगचं तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. दीडशे वर्षं घर डोक्यावर घेऊन उभं राहिलेलं लाकूड, आणि रंधा मारल्यावर त्याला अजून वास येत होता! मिस्त्री एक मूठभर भुसा घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "घ्या, वास घ्या. असा साग आता पैसे टाकून मिळत नाही."

तुळयांचे काउंटरचे पाय झाले. फळ्यांची मांडणी झाली. जवसाचं तेल चोळून झालं. आणि मग एका सकाळी मुलाने ते दार आडवं घेतलं आणि म्हणाला, "याचा वरचा तक्ता करायचा."

ते दार बाळंतिणीच्या खोलीचं होतं.

मंडळी, जुन्या वाड्यात माजघराच्या बाजूला एक अंधारी खोली असायची. खिडकी नाही, असलाच तर एक झरोका. त्या खोलीत माझा जन्म झाला, १९५१ साली. माझ्या पाठच्या भावाचाही. आणि त्याच खोलीत माझे वडील रोज संध्याकाळी आतून अडसर लावून बसायचे.

आमचे वडील कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं. माझं अक्षर चांगलं आहे ते त्यांच्यामुळे. दारूबंदीचे दिवस. दुकानात मिळायची नाही, पण हातभट्टीची मिळायची. कोण आणून द्यायचं ते आम्हाला दिसायचं नाही, कारण आम्हाला त्या वेळी परवचा म्हणायला पुढच्या ओसरीवर बसवलेलं असायचं. आई दाराबाहेर उभी असायची. ती दार वाजवायची नाही, हाक मारायची नाही. नुसती उभी. दिवसा ती कोनाड्यातली बाटली बघायची आणि काजळाच्या बोटाने किती उरली त्याची खूण करायची. त्या खुणेचं ती काय करायची कोण जाणे. बहुतेक काहीच नाही. पाटल्या गेल्या, मग वाटी गेली. १९६६ मध्ये वडील गेले. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. सगळ्यांना कावीळ झाली म्हणून सांगितलं. मीही आयुष्यभर तेच सांगत आले. ह्यांना लग्नानंतर काही वर्षांनी कळलं. मुलाला कधीच नाही.

दाराला तीन थर होते. वर निळा ऑइलपेंट, त्याखाली हिरवा, त्याखाली काव. मुलगा खरवडत होता. हिरवा थर लागला तेव्हा मी म्हटलं, "थांब जरा." मशीनचा आवाज बंद झाला. मिस्त्री समंजस माणूस, ते चहा प्यायला निघून गेले. आणि मी त्याला तिथेच, अंगणात, सगळं सांगितलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

तो बराच वेळ त्या दाराकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे कावीळ नव्हती?"

"कावीळही होती."

"आई, मी हे सगळं बंद करतो. तू आधी का नाही सांगितलंस?"

या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं मुलांना 'कारणे द्या' लिहायला लावली, आणि मला एक कारण देता येईना. शरम म्हणावी तर माझी चूक काय होती? पण शरमच होती. घरातलं माणूस अडसर लावून आत बसलं की बाहेरचेही आपापले अडसर लावून घेतात, असं काहीसं असावं.

मी त्याला म्हटलं, "बंद करू नकोस. पण खोलीला दार लावू नकोस."

तसंच केलं आहे. मागच्या खोलीचं आधीचं फ्लशचं दार काढून टाकलं. आता स्वयंपाकघरातून सरळ आत दिसतं. वाईचं दार तिथे आडवं पडलं आहे, तेल पिऊन चकाकतंय. हिरव्या रंगाचा एक तुकडा मी खरवडू दिला नाही. आणि अडसर? काउंटरखाली पाय ठेवायला एक दांडा लागतो म्हणे, तिथे तो बसवला. 'बार' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आडवा दांडा, अडसरच. गिऱ्हाईक आणि विकणारा यांच्यामधला. हे मी मुलाला सांगितलं तर म्हणाला, "आई, तू रिटायर कधी होणार?"

मुलाने आयुष्यभराचा परवाना काढला आहे. दारू आरोग्य राखण्यासाठी लागते असं त्या कागदावर म्हणे लिहिलेलं असतं. ते वाचून ह्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. मुलगा शनिवारी एक बिअर घेतो, सगळ्यांसमोर. हे शेजारच्या स्टुलावर बसून ताक पितात. बिअरचं पोर्टलंडहून आणलेलं मोठं पातेलं, भरडायचं यंत्र आणि थर्मामीटर यांचा ताबा माझ्याकडे आहे. सुनेच्या भाच्याला सातवा महिना लागला, त्याच्यासाठी यंदा चार किलो नाचणीचं सत्त्व केलं. यंत्र फार छान भरडतं.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. परवा रात्री पाणी प्यायला उठले, तर माझी मीच त्या खोलीत. मांडणीवरची कोणीतरी भेट दिलेली व्हिस्कीची बाटली उजेडात धरून किती उरली ते बघत होते. माझी आई उभी राहायची तशीच उभी होते. मुलगा जिन्यात होता. त्याने बघितलं. काही बोलला नाही. सकाळी बघते तर ती बाटली मांडणीवरून खाली आणून, माझ्या उंचीला, पुढेच ठेवलेली.

हे लिहिण्याआधी धाकट्या भावाला फोन केला होता. तो आधी "कशाला उकरतेस?" म्हणाला. तासाभराने त्याचाच फोन आला. "लिही. पण आईबद्दलही लिही."

तर लिहिते. आईने वडिलांच्या मागे लोकांचे कपडे शिवून आम्हा दोघांना शिकवलं. माझ्या बीए आणि बीएडची फी त्या शिवणातून आली. मागच्या खोलीत जी मशीन होती ती तिचीच. ती आता माझ्या खोलीत, खिडकीशी आहे.

वाईचं कोणी पुण्याला आलं तर जरूर या. दार बघायला. काय प्यायचं ते तुम्ही ठरवा, ताक तर असतंच.