घामाचा एक थेंब

विनोद म्हटला कीं आम्हां मराठी माणसांना प्रथम शब्द आठवतो. कोल्हटकर-गडकऱ्यांपासून ही सवय आमच्या हाडींमांसीं खिळली आहे. कोटी, श्लेष, अतिशयोक्ति, उपहास अशीं विनोदाचीं जीं साधनें आम्ही वर्गांत शिकवितों, तीं बहुतेक सारीं वाणीचीं आहेत. त्यामुळें ज्यांस जपानांत ‘आनिमे’ म्हणतात त्या चलच्चित्रांपुढें बसून, पात्रांनीं चकार शब्द काढला नसतांनाही घरांतील तरुण मंडळी खो खो हंसूं लागतात, तेव्हां आमच्या वयाचे पुष्कळ लोक ‘या नुसत्या माकडचेष्टा आहेत’ असें म्हणून मोकळे होतात. हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो.

ह्या चित्रांची एक लिपीच आहे. पात्र ओशाळलें कीं त्याच्या डोक्यामागें घामाचा एक टपोरा थेंब लोंबूं लागतो. राग आला कीं कपाळावर फुगलेल्या शिरांची चौफुली उमटते. गाढ झोप दाखवावयाची तर नाकपुडींतून फुगा निघतो, श्वासाबरोबर लहानमोठा होतो आणि जाग येतांच फुटतो. कोणी मूर्खपणाचें बोललें कीं ऐकणारे पाय वर करून धाडकन् कोसळतात. थट्टा फसली, तर उत्तर कोणीच देत नाहीं; रिकाम्या आकाशांतून एक कावळा तेवढा ओरडत जातो. आमच्याकडे कावळा पाहुण्याची वर्दी देतो. जपानी कानाला मात्र त्याच्या ओरडण्यांत ‘आहो’, म्हणजे ‘मूर्खा’, असें ऐकूं येतें. महाराष्ट्रांतील पतिराजांनीं ही गोष्ट घरीं न सांगणें बरें!

ही लिपि मूळची तेथील चित्रकथांची. १ जानेवारी १९६३ रोजीं ओसामु तेझुका ह्यांची, पुढें ‘ॲस्ट्रो बॉय’ ह्या नांवानें जगभर गाजलेली मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, आणि हाताशीं पैसा थोडा. तेव्हां चित्रांची संख्या कमी करणें, एकच चित्र क्षणभर स्थिर ठेवणें, फक्त ओठ किंवा डोळे हालविणें अशी काटकसर करणें भाग पडलें. ही काटकसर विनोदाच्या पथ्यावर पडली. सारें स्तब्ध असतांना एकटा घामाचा थेंब खालीं ओघळला, तर नजर दुसरीकडे जाणार कोठें?

नाट्यशास्त्र वाचणाऱ्यास ह्याचें नवल वाटूं नये. भरतानें अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यांत वाचिक हा एकच. आठ सात्त्विक भावांची यादी पहा: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु, प्रलय. जपानी चित्रांतील पात्र लाजेनें दगडाचें होतें तो स्तंभ. डोक्यामागचा थेंब हा स्वेद. सर्वांग पांढरें फटफटीत पडतें तें वैवर्ण्य. डोळ्यांतून कारंजीं उडतात ते अश्रु. आणि धाडकन् कोसळणें हा तर प्रलयच. भेद इतकाच कीं नट हे भाव अंतःकरणांतून आणतो आणि चित्रकार ते बाहेरून चिकटवितो. विनोदाचें मर्म येथेंच आहे. तोंड म्हणतें, ‘छे, कांहीं नाहीं!’ आणि थेंब चहाडी करतो. मनुष्य जें लपवितो तें त्याचें शरीर सांगून टाकतें, आणि आपण स्वतःस ओळखून हंसतों.

अर्थात् ठरीव चिन्हें शिळ्या कोटीप्रमाणें विटतात. खरा कलावंत त्यांच्यावांचूनही हंसवितो. हायाओ मियाझाकी ह्यांच्या ‘तोनारी नो तोतोरो’ ह्या १९८८ च्या चित्रपटांत दोन बहिणी संध्याकाळीं पावसांत वडिलांच्या बसची वाट पहात उभ्या आहेत. आई रुग्णालयांत आहे. शेजारीं एक प्रचंड वनचर येऊन उभा राहतो, डोक्यावर पावसासाठीं एक पान. थोरली त्याला छत्री देते. झाडावरचे थेंब छत्रीवर टपटपतांच त्याचे डोळे विस्फारतात, तो आनंदानें उडी घेतो, आणि त्याच्या धक्क्यानें साऱ्या झाडांचें पाणी एकदम कोसळतें. थेंब, डोळे आणि उडी ह्यांत भाषण एका शब्दाचें नाहीं. पण त्या मुलींच्या मनावरचें ओझें क्षणभर उतरतें, आणि आपलेंही.

आमच्या थोरल्या बंधूंची श्रवणशक्ति गेलीं सहा वर्षें जवळजवळ नाहींशी झाली आहे. पंगतींत कोणीं कोटी केली कीं सारे हंसतात; दादा आमच्या तोंडांकडे पाहून मागाहून हंसतात. त्या उशिराच्या हंसण्याइतकें एकाकी दुसरें कांहीं आम्हीं पाहिलेलें नाहीं. हा चित्रपट आम्ही सर्वांनीं मिळून पाहिला, तेव्हां तोतोरोचे डोळे विस्फारतांच, उडीच्या आधींच, दादा हंसले. मुलें त्यांच्या मागून हंसलीं.

शब्दांवर आमचें पोट चालतें, तेव्हां त्यांची निंदा आम्ही करणार नाहीं. परंतु येत्या सत्रांत विनोदाचीं साधनें शिकवितांना फळ्यावर कोटी आणि श्लेष ह्यांच्या खालीं घामाचा एक थेंब काढावयाचा आमचा विचार आहे. त्याची व्याख्या विद्यार्थीच सांगतील.