सावलीचं घर

क्यूच्या बागेतलं ताडगृह 1844 ते 1848 या काळात लोखंड आणि काचेनं उभं राहिलं, ते ऊब कोंडून ठेवण्यासाठी. विषुववृत्ताकडच्या ताडांना लंडनचा हिवाळा झेपणारा नव्हता. तेच काचघर जसंच्या तसं नागपुरात उभारलं तर मे महिन्यात आतली रोपं जागच्या जागी शिजतील. इथं पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवेत ओल नावाला उरते. म्हणून नागपुरी हरितगृह हे मुळात सावलीचं घर: वर हिरवी जाळी, एका भिंतीला पाणी झिरपणारे पॅड आणि समोर हवा ओढणारे पंखे, म्हणजे घरोघरच्या कुलरचंच थोरलं भावंड. दुपारी बाहेर रस्ते ओस पडलेले असताना आत ओल्या मातीचा वास आणि डोळे निववणारा हिरवा अंधार असतो. त्याची भूल पडली तर नवल नाही. मात्र ही किमया कोरड्या हवेची आहे. जुलैत हवा आधीच ओलीचिंब झाली की पॅड निरुपयोगी ठरतात आणि माळ्याची लढाई उन्हाऐवजी बुरशीशी सुरू होते.

एवढे लाड ज्यांचे करावे लागतात त्यांना आपण विदेशी झाडं म्हणतो. पण जाळीबाहेर रणरणत्या उन्हात फुललेला गुलमोहर मादागास्करचा आणि बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. त्यांना कुणी पंखा लावत नाही. शहराची ओळख झालेला संत्राही बाहेरूनच आलेला, भोसल्यांच्या काळात इथं रुजलेला. जंबेरीच्या खुंटावर त्याचा डोळा बांधतात आणि मृग बहारासाठी ऐन उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. ज्या उन्हापासून ऑर्किड वाचवायचं, तेच ऊन इथं कामाला जुंपलेलं. उलट, चिखलदऱ्याच्या हजार मीटरहून अधिक उंचीवरची नेची नागपुरात आणली तर त्यांना याच जाळीचा आसरा लागेल. परकेपणा जन्मगावावरून ठरत नाही, निगराणीवरून ठरतो.

उन्हाळ्यात पाण्याची ओढ असताना हे चोचले कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण पॅडचं पाणी टाकीतून पुन्हा फिरवता येतं, आणि बचतच करायची तर आधी हिरवळींकडे बघावं. दुसरा आक्षेप जड आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि आज मध्य भारतातल्या जंगलांत गवताची जागा बळकावून बसली आहे. मग बागांनी नवी झाडं आणूच नयेत का? घाणेरीला कधी छप्पर लागलं नव्हतं, हे इथं ध्यानात घ्यायला हवं. पंखा बंद पडताच माना टाकणारं रोप रानात काय धुमाकूळ घालणार? धास्ती बाळगायची ती काळजीविना फोफावणाऱ्याची. अर्थात कुंडीत नाजूक दिसणारं रोप मेळघाटच्या ओलसर दरीत वेगळं वागू शकतं, तेव्हा निव्वळ जाळीवर विसंबून चालणार नाही.

नागपूरची महाराजबाग कृषी विद्यापीठाच्या हाती आहे. पारखायला अभ्यासक आणि शिकायला विद्यार्थी तिथं आयते आहेत. सावलीच्या घरातली अर्धी जागा सातपुड्यातल्या नेची-ऑर्किडांना द्यावी, प्रत्येक कुंडीवर मूळ ठिकाण लिहावं, आणि छपराविना वाढणारं नवं झाड बरीच वर्षं निरखल्याशिवाय रोपवाटिकेतून विकू नये.