आरशात इस्लापूर!

धबधबा बघायला इस्लापूरला जाताय? जरूर जा. पण सहस्रकुंडाचे फोटो काढून झाले की तिथल्या काचेकडेही एकदा बघा. चोळीवरच्या आरशापासून हातातल्या बांगडीपर्यंत एक अख्खं तंत्र तिथे चमकत असतं...

मराठवाडा म्हटलं की आपल्या शहरी डोळ्यांपुढे काय येतं? दुष्काळ, टँकर आणि उन्हाने करपलेलं माळरान. हे चित्र पुसून टाकायचं असेल तर एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नांदेडहून किनवट-आदिलाबादकडे जाणारी गाडी पकडा. मुदखेड, भोकर, हिमायतनगर मागे पडलं की खिडकीबाहेरचा रंगच बदलतो. सागाची झाडं, हिरवे डोंगर, मधूनच कापसाची शेतं आणि ढगांची सावली. आपण मराठवाड्यात आहोत की विदर्भात, असा प्रश्न पडावा. पडू द्या! पैनगंगेच्या अलीकडे नांदेड जिल्हा आणि पलीकडे यवतमाळ, त्यामुळे इथल्या माणसांनाही हा प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

इस्लापूर हे किनवट तालुक्यातलं गाव. बाहेरच्यांना ते माहीत असतं ते सहस्रकुंडामुळे. पैनगंगा इथे काळ्याकभिन्न बसाल्टच्या पायऱ्यांवरून अनेक धारांनी खाली कोसळते. पावसाळ्यात तो आवाज लांबूनच ऐकू येतो. शेजारी महादेवाचं मंदिर, समोर तुषारांचा धूर. वीकेण्डला एवढं पुरेसं आहे, असं कोणालाही वाटेल.

पण थांबा. खरी गंमत गावच्या बाजारात आहे.

चालता-बोलता आरसेमहाल

किनवट, माहूर, हिमायतनगर या पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे खूप. गोंड, कोलाम, आंध ही आदिवासी मंडळीही याच भागातली. आता बहुतेक तरुण मुली पंजाबी ड्रेस किंवा साडीत दिसतात, पण एखादी आजी अजूनही पूर्ण पेहरावात बाजाराला येते. घेरदार फेटिया, कांचळी, डोक्यावर टुकरी. आणि या सगळ्यावर आरसे! ऊन पडलं की ती चालत नाही, लखलखत जाते.

जवळून बघायला मिळालं (आणि आजींची परवानगी असली!) तर एक गोष्ट नीट पाहा. त्या आरशाला भोक नसतं आणि तो गोंदानेही चिकटवलेला नसतो. मग तो टिकतो कसा? आधी आरशावरून दोन दोरे उभे, दोन आडवे असे ओढून घेतात. फुली-गोळ्याच्या खेळात आखतो ना, तशी जाळी. मग कडेकडेने टाके घालत ही जाळी बाहेरच्या बाजूला ताणत न्यायची. मधला भाग मोकळा होतो आणि कडेला दोऱ्याची घट्ट चौकट तयार होते. दागिन्यातल्या खड्यासारखा आरसा तिच्यात बसतो.

आता यातली मेख लक्षात घ्या. काचेची कड धारदार राहिली तर ती आतून दोरा कापणार. म्हणजे टाका कितीही सुबक घाला, कपडा किती वर्षं टिकेल हे काच कापणाऱ्याच्या हातावरही ठरतं. तो कारागीर या तांड्यापासून शेकडो किलोमीटर लांब असतो. त्याचं नाव ना घालणारीला माहीत, ना आपल्याला.

काचेचा फुगा, लोहाराची नव्हे, बायकांची कात्री

या जुन्या आरशांचं एक नावाजलेलं गाव म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यातलं कपडवंज. तिथली पद्धत ऐकली तर विश्वास बसणार नाही. फुंकणीने वितळलेल्या काचेचा भलामोठा, पातळ फुगा फुगवायचा. त्याच्या आतल्या बाजूला चकाकीचा थर चढवायचा. पूर्वी शिशाचा, पुढे चांदीच्या रसायनाचा. मग तो फुगा फोडायचा! त्याचे तुकडे होतात ते किंचित बाकदार. हे तुकडे बायका चक्क कात्रीने गोल, चौकोनी, त्रिकोणी कापतात आणि कडा घासून बोथट करतात.

कात्रीने काच? हो. काच आणि कात्री ओली ठेवली की हे जमतं. त्यामागे साधं विज्ञान आहे. काचेत चीर पडते तेव्हा तिच्या टोकाशी ताण एकवटतो. तिथे पाणी पोचलं की सिलिकॉन आणि ऑक्सिजनची पकड सैल होते आणि चीर कमी जोरात, कह्यात राहून पुढे सरकते. कारागिराला यातलं रसायन माहीत नसेल, पण पाण्याची गरज त्याच्या हाताला पक्की ठाऊक असते.

फुग्यातून आलेला असा आरसा पूर्ण सपाट नसतो, म्हणून प्रत्येक तुकडा प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो. आजीबाईंचा फेटिया झगमगत राहतो तो त्यामुळेच.

कापत नाही, फोडतो!

हीच गोष्ट तुमच्या गल्लीतही बघता येईल. इस्लापूर असो, किनवट असो की पुण्याची बुधवार पेठ, फोटो फ्रेमच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभे राहा. दुकानदार काचेवर पट्टी ठेवतो, कटर रॉकेलात किंवा तेलात बुडवतो आणि एकाच दमात रेघ ओढतो. 'खर्रर्र' असा एकसारखा आवाज आला की समजायचं, रेघ बसली. मग रेघेखाली आधार घेऊन दोन्ही बाजूंनी हलका दाब. टक्! झाले दोन तुकडे.

जुने कारागीर या हत्याराला अजून 'हिरा' म्हणतात, कारण पूर्वी त्याच्या टोकाला खरोखर हिऱ्याची कणी असायची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोलादी चाकाचं कटर आलं. आता चाक टंगस्टन कार्बाइडचं असतं. पण तत्त्व तेच. कटर काच कापत नाही, फक्त वरच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म चीर पाडतं. पुढचं काम ती चीर करते.

म्हणूनच या धंद्याचे तीन नियम आहेत. एक, त्याच रेघेवरून कटर पुन्हा फिरवायचं नाही. काच वेडीवाकडी जाते आणि चाकही खराब होतं. दोन, रेघ मारल्यावर रेंगाळायचं नाही. ताजी चीर सरळ फुटते. तीन, गोल कापायचं असेल तर गोलाकार रेघेपासून बाहेरच्या कडेपर्यंत चार-पाच सुटकेच्या रेघा मारायच्या आणि एकेक फाक वेगळी करायची. उरलेले दात पकडीने कुरतडायचे, मग घासायचे.

आणि हो, टफन्ड काच घेऊन या दुकानदाराकडे जाऊ नका. ती आधी तापवून, मग झटक्यात थंड करून बनवतात. बाहेरचा थर दाबात, आतला ताणात. चीर आत पोचली की अख्ख्या काचेचे दाणे!

बांगडीची भट्टी

बाजारात पुढे चला. कासाराच्या दुकानातल्या काचेच्या बांगड्यांचं माहेर बहुधा उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद. वितळलेल्या काचेची तार तिथे फिरत्या दांड्यावर गुंडाळतात, त्याची लांबलचक स्प्रिंग होते. तिच्यावर लांबीच्या दिशेने एक रेघ मारली की एकेक उघडं कडं सुटं होतं. वर सांगितलेलीच युक्ती, फक्त सपाट काचेऐवजी गुंडाळीवर.

पण स्प्रिंगमधून सुटलेल्या कड्याची दोन टोकं वर-खाली राहतात. मग आचेवर मऊ करून ती एका पातळीत आणायची, याला म्हणतात सधाई. त्यानंतर ज्योतीवर टोकं जोडायची, ती जुडाई. ही कामं बहुतेक घराघरात होतात, बायकामाणसं तासन् तास ज्योतीसमोर बसून करतात. शेवटी रंग किंवा सोनेरी नक्षी चढवून बांगड्या पुन्हा भट्टीत, ती पकाई.

एका डझनामागे किती हात असतात! आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. ही भाषा शुभशकुनाची खरी, पण तीच बांगडी विधवेच्या हातावर फोडण्याची प्रथाही याच समाजाची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022मध्ये या प्रथेविरुद्ध ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. काचेचं एक कडं, पण त्यावर केवढं ओझं!

तुम्हालाही जमेल

सध्या शहरांमधल्या स्टुडिओंत 'ग्लास फ्यूजिंग'च्या वर्कशॉपना गर्दी असते. ऑफिसच्या एक्सेल शीटमधून सुटका म्हणून भन्नाट! पण ते काही परग्रहावरून आलेलं नाही. सधाई आणि पकाईचीच ही चुलत भावंडं.

विजेच्या भट्टीत काचेचे तुकडे एकमेकांवर मांडायचे. साधारण 650 ते 700 अंश सेल्सियसला काच आपल्या वजनाने साच्यात झुकते, हे 'स्लम्पिंग'. वाटी, ताटली अशी होते. 750च्या आसपास तुकडे चिकटतात, पण उंचवटे राहतात. 800च्या वर गेलं की सगळं एकजीव. खिडकीच्या काचेला यापेक्षा थोडं जास्त तापमान लागतं. वितळलेली काच आपोआप साधारण 6 मिलिमीटर जाडीला येऊन थांबायला बघते. म्हणून 3 मिलिमीटरचे दोन थर ठेवले तर आकार जागेवर राहतो, एकच थर ठेवला तर कडा आत ओढल्या जातात.

खरी परीक्षा मात्र थंड करताना. पाचशे अंशांच्या आसपास काच काही काळ थोपवून ठेवायची, मग तासन् तास हळूहळू उतरवायची. घाई केली तर आत ताण साठतो आणि चार दिवसांनी टेबलावर ठेवलेली वाटी आपोआप तडकते. तसंच कुठलीही काच कुठल्याही काचेशी जोडायची नाही. प्रत्येक काच तापल्यावर वेगळ्या प्रमाणात फुगते, मिजास जुळली नाही तर संसार मोडणारच!

भट्टीच्या फळीला काच चिकटू नये म्हणून आधी अॅल्युमिना आणि केओलिनचा लेप द्यायचा. चष्मा आणि बंद बूट हवेतच.

प्लास्टिकचा चमचमाट

आता मुद्द्याचं. बाजारात आज तयार मिळणाऱ्या 'बंजारा स्टाइल' बॅगा, कुशन कव्हरं पाहा. बरेचसे आरसे यंत्राने कापलेल्या सपाट काचेचे, काही तर चक्क प्लास्टिकचे. स्वस्त, हलके, न फुटणारे. दोष कोणाला द्यायचा? तांड्यातल्या बाईलाही तेच परवडतं. दुसरीकडे जुने फेटिये, कांचळ्या विकत घेऊन, त्यांचे तुकडे करून शहरात 'व्हिंटेज' म्हणून विकले जातात. कुणाच्या तरी आजीने वर्षभर टाके घालून केलेला घागरा आपल्या लॅपटॉप बॅगेचा खिसा होतो.

कारखाने तरी कुठे टिकले? कराडजवळ 1916मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील एकेकाळी घरोघरी होता. कारखाना बंद झाला, ओगलेवाडी हे गावाचं नाव तेवढं उरलं. तंत्र नाहीसं व्हायला बंदी लागत नाही, गिऱ्हाईक फिरलं तरी पुरतं.

पण उलटंही घडतं. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला जीआय मानांकन मिळालं. जुलै 2023मध्ये हंपीला जी-20च्या निमित्ताने साडेचारशेहून जास्त लंबाणी महिलांच्या कामातल्या 1,755 वस्तू मांडल्या गेल्या आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. आपल्या किनवट-माहूरच्या तांड्यांतही तोच वारसा आहे. त्याला हवेत चार दर्दी गिऱ्हाईक. ते तुम्ही होऊ शकता. तुकडे नका घेऊ, नवीन काम सांगून करून घ्या आणि ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नका.

बॅग भरण्यापूर्वी

कसं जाल? नांदेडपर्यंत रेल्वेने, पुढे मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड स्टेशन. सगळ्या गाड्या थांबतीलच असं नाही, वेळापत्रक आधी बघा. नांदेडहून रस्त्यानेही जाता येतं.

कधी? धबधब्यासाठी पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे. खडक शेवाळलेले असतात, सेल्फीसाठी कडेला जाऊ नका. उन्हाळ्यात पाणी आटतं.

आणखी काय? माहूरची रेणुकामाता, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे.

खरा आरसा कसा ओळखाल? गालाला लावून बघा. काच गार लागते, प्लास्टिक नाही. तिरपं धरून बघा. हातचा आरसा तुमचा चेहरा थोडा वाकडा दाखवेल. रागावू नका, तोच अस्सल!