पैसे आईचे, पॅन माझा

‘मॅडम, पहिलं नाव तुमचं आहे ना? मग व्याज तुमचंच.’ बँकेतल्या अधिकाऱ्याचं हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या ठेवीबद्दल तो बोलत होता, ती आईच्या ग्रॅच्युइटीची आणि भविष्यनिर्वाह निधीची. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून ती २००३ साली निवृत्त झाली, तेव्हा मिळालेले हे पैसे. त्यात माझा एक रुपया नाही.

ठेव ठेवताना नावं लागली ती त्या काळच्या रीतीने. आधी वडील, मग मी, मग आई. ‘दोघी बाहेरच्या कामाला कशाला, मुलगी शिकलेली आहे, तिचं नाव दुसरं असू दे,’ असं वडील म्हणाले आणि आईने सही केली. २०२१ मध्ये वडील गेले. बँकेने मृत्यूचा दाखला घेऊन त्यांचं नाव काढलं, आणि मागचं नाव आपोआप पुढे सरकलं. ठेवी, बचत खातं, सगळं माझ्या पॅनला जोडलं गेलं. ठेवींचं नूतनीकरण झालं तेव्हा ज्येष्ठ नागरिकांना मिळणारा जादा दरही बंद झाला, कारण पहिली ठेवीदार आता ज्येष्ठ नव्हती. व्याजावर टीडीएस कापू नका असं सांगणारा आईचा १५एच फॉर्मही त्याच कारणाने परत आला.

२०२३ च्या जूनमध्ये रिटर्न भरायला बसले, तेव्हा आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, माझ्या नावावर १,८६,००० रुपये ठेवींचं व्याज आणि ११,४०० रुपये बचत खात्याचं व्याज दिसलं. ठेवींवर दहा टक्क्यांनी १८,६०० रुपये टीडीएस कापलेला होता, तोही माझ्याच पॅनवर. मी तीस टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे सेस धरून साठ हजारांवर कर. हेच व्याज आईच्या उत्पन्नात धरलं, तर पेन्शन मिळवूनही, प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठांना ८०टीटीबी खाली मिळणारी पन्नास हजारांची वजावट घेतल्यावर तिचं करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत राहतं. जुन्या करपद्धतीत ८७ए ची सूट मिळून कर शून्य.

आमचे सीए सज्जन आहेत. ते म्हणाले, ‘भरून टाका, पुढच्या वर्षी नावं बदलू.’ मलाही दोन दिवस तेच बरं वाटलं. घरातलेच पैसे, कशाला डोकं फिरवून घ्यायचं? आई तर पहिल्यापासून म्हणत होती, ‘अगं, कुणाच्या नावावर असलं तरी काय, आपलंच आहे.’ पण तिच्या ठेवीच्या पावत्या काढून बसले आणि लक्षात आलं, की या बाईच्या स्वतःच्या कमाईचं व्याज सरकारदरबारी कधीच तिच्या नावावर लागलेलं नाही. आधी नवऱ्याच्या नावावर, आता मुलीच्या. मग मात्र मी हटले नाही.

कायदा याबाबतीत मुळीच संदिग्ध नाही. ज्याचे पैसे, त्याचं उत्पन्न. आयकर नियम ३७बीए तर नेमका याच प्रसंगासाठी आहे. ज्याच्या नावावर टीडीएस कापला त्याने कापणाऱ्याकडे घोषणापत्र द्यायचं: कर खरा कोणाच्या खाती जमा व्हायला हवा त्याचं नाव, पत्ता, पॅन, कोणती रक्कम आणि त्यामागचं कारण. मग बँकेने टीडीएस त्या व्यक्तीच्या नावाने कळवायचा, प्रमाणपत्र तिला द्यायचं आणि घोषणापत्र जपून ठेवायचं. मी हे सगळं एका कागदावर लिहिलं, आईच्या निवृत्तीच्या आदेशाची प्रत आणि तिच्या पगाराच्या खात्यातून ठेवीत गेलेल्या रकमेचा उतारा जोडला, आणि सांगलीच्या शाखेत गेले.

कागद कोणी हातातच घेईना. ‘असा फॉर्म आमच्याकडे नाही.’ मी म्हटलं, नियमाने छापील नमुना दिलेलाच नाही, साधा अर्ज चालतो. ‘सिस्टीममध्ये ऑप्शन नाही.’ मॅनेजरने प्रादेशिक कार्यालयाकडे बोट दाखवलं, प्रादेशिक कार्यालयाने शाखेकडे. आई शेजारी लाकडी बाकावर बसलेली. तिला कोणी एक शब्द विचारला नाही. ‘हे पैसे तुमचे का, बाई?’ एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. ज्या गावात तिने दोन पिढ्यांना पाढे शिकवले, तिथल्या बँकेत तिच्याच ठेवीबद्दल बोलणं चाललं होतं आणि ती त्यात नव्हतीच. शेवटी मी कागद आवक-जावकला दिला, शिक्का मारून पोच घेतली. अशा कामात पोच नसेल तर तुम्ही बँकेत गेलाच नव्हता, हे पक्कं धरून चाला.

एआयएसमध्ये दोन्ही नोंदींवर ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असा अभिप्राय मी नोंदवला. माझ्या रिटर्नमध्ये ते व्याज दाखवलं नाही, टीडीएसही मागितला नाही. आईच्या रिटर्नमध्ये दोन्ही दाखवलं. आणि इथे आणखी एक खोच. दुसऱ्याच्या नावावर कापलेला टीडीएस मागायचा असेल तर सोपा आयटीआर-१ चालत नाही. पेन्शन आणि व्याज एवढंच उत्पन्न असलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला आयटीआर-२ चा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. हे कोणी ठरवलं, कशासाठी, मला समजत नाही.

तिचा परतावा नाकारला गेला, कारण तिच्या २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात, टीडीएस दिसत नव्हता. २०२४ च्या फेब्रुवारीत व्याजाच्या तफावतीबद्दल आयकर खात्याने देशभर लोकांना संदेश पाठवले, त्यात मीही होते. उत्तर पोर्टलवरच द्यायचं होतं. पोच, घोषणापत्र, आईच्या रिटर्नची पावती, सगळं हाताशी होतं म्हणून ते लगेच देता आलं.

माझी मावसबहीण मडगावला असते. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायदा लागू असलेल्या नवराबायकोचं पगाराखेरीजचं उत्पन्न आयकराच्या कलम ५ए प्रमाणे निम्मं-निम्मं धरतात, खात्यावर पहिलं नाव कोणाचंही असो. तिथे कायदा नावापलीकडे बघू शकतो, तर सांगलीच्या बँकेला ते का जमू नये?

खरं सांगायचं तर त्या अधिकाऱ्याची बाजूही मला आता थोडी कळते. खात्यात कोणाचा पैसा किती, हे बँकेला कसं समजणार? पहिल्या नावावर कळवणं ही तिची सोय आहे, आणि कुठल्या तरी एका नावावर कळवावं तर लागणारच. पण सांगितल्यावर दुरुस्त करायचं नाही, हे मला मान्य नाही. रागाच्या भरात मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटले होते, की संयुक्त खातं ठेवूच नका. पुढे आई न्हाणीघरात पडली, रात्री इस्पितळात आगाऊ रक्कम भरायची होती, आणि ती त्याच खात्यातून मला काढता आली. तेव्हा तो सल्ला मी मागे घेतला. नाव दोघींचं हवंच. क्रम मात्र पैसा ज्याचा त्याचा.

बँकेने पुढे टीडीएसचं सुधारित विवरण भरलं. ते कोणाच्या हुकमाने, मला कधी सांगितलं गेलं नाही. मग आईच्या रिटर्नसाठी कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज केला आणि १८,६०० रुपये व्याजासह तिच्या पेन्शन खात्यात आले. जादा दराचं जे नुकसान झालं, ते कोणी भरून दिलं नाही.

बँकांना माझी एवढीच विनंती आहे. संयुक्त खातेदारांपैकी एक गेला की उरलेल्यांना बोलवा आणि पैसा कोणाचा, हे लेखी विचारून मगच पहिलं नाव ठरवा. नियम ३७बीए चं घोषणापत्र १५एच शेजारी काउंटरवर ठेवा. आणि वाचकहो, आईचं किंवा सासूबाईंचं पासबुक आजच उघडून पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा. पैसा त्यांचा असेल, तर ३१ मार्चच्या आत क्रम बदलून घ्या.